हिरव्या पट्ट्यांच्या पिशव्या

धाकू परबांनी शिवण शिकायचं ठरवलं ते कुणीतरी आपलं दार वाजवावं म्हणून. अर्थात हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विचारलंच तर म्हणायचे, "मशीन गंजून जाईल रे नुसतं."

मशीन त्यांच्या बायकोचं, मालनचं. ती होती तोवर घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या खोलीत बायकांचा नुसता राबता असे. कुणाचा ब्लाउज घट्ट होतोय, कुणाच्या पोराची चड्डी उसवलीय. गिरणीतल्या पाळीवरून आलेले धाकू वैतागायचे, "माझ्याच घरात मला पाय पसरायला जागा नाही." आता मालन गेली, गिरणीही सुटली, आणि पाय पसरायला इतकी जागा झाली की खोली खायला उठायची. दार कधी वाजलंच तर वाऱ्याने.

तर शिवण. "कापड मी विणलं. त्याला दोन टाके घालायला काय मोठी अक्कल लागते?" असं उभा जन्म गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढलेल्या धाकूंचं म्हणणं. सुरुवात पिशवीपासून करायची, कारण पिशवीला गळा नाही, बाही नाही, आणि अंगात बसत नाही म्हणून कुणी नावं ठेवत नाही. गिरणीतून निरोप देताना मिळालेला हिरव्या पट्ट्यांचा तागा ट्रंकेत पडूनच होता.

पहिल्या दिवशी चाक उलटं फिरलं आणि सुई मोडली. दुसरी सुई बोटात गेली. (जरासं टोकच, पण पट्टी अशी बांधली की अख्खा हात साच्यात सापडलाय असं वाटावं.) पुढे एक पिशवी तयार झाली, ती चारही बाजूंनी शिवलेली. तोंड उसवायला गेले तर कापडच फाटलं. मग मात्र हात बसला. म्हणजे दोन्ही बंद सारखे कधीच आले नाहीत, पण आखूड बंद नेहमी त्याच बाजूला यायला लागला.

पिशव्या वाटायला धाकू दारोदार निघाले. शेजारच्या द्रौपदीला पहिली दिली.

"मामा, तुम्ही शिवलीत? झकास झालीय."

"मग ये ना गे, चाय टाकतंय."

"स्टोव्हवर भात आहे हो मामा. येईन कधीतरी."

सगळ्यांचं तेच. पिशवी दारातच घेतली, कौतुक दारातच केलं आणि दार लावलं. ताग्यातलं कापड संपलं, चाळभर हिरवे पट्टे झाले, पण धाकूंच्या खोलीत कुणी आलं नाही. शेवटची पिशवी त्यांनी स्वतःला ठेवली.

आता भटवाडीचा एक कायदा होता. रेशनच्या दुकानापुढे सकाळीच आपली पिशवी रांगेत ठेवायची, वर दगड ठेवायचा आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचं. पिशवी आहे म्हणजे माणूस उभा आहे. त्यावर कुणी हरकत घ्यायची नाही.

साखर आल्याची बातमी लागली आणि चाळीने पिशव्या ठेवल्या. दुकान उघडायच्या वेळी येऊन बघतात तो सगळी रांग हिरव्या पट्ट्यांची.

"ही माझी," वरच्या मजल्यावरचा धोंडू म्हणाला.

"तुझी कशावरून?" सरूबाई कंबरेला पदर खोचत म्हणाली.

"एक बंद आखूड आहे बघ."

"मेल्या, सगळ्यांचाच एक बंद आखूड आहे."

ओढाओढी झाली, दोन पिशव्या फाटल्या, दुकानदाराने दार ओढून घेतलं आणि उद्या या म्हणाला. ती सगळी वरात तिथून निघाली ती थेट धाकूंच्या दारात.

दार वाजलं. धाकूंनी आधी केस सारखे केले, मग दार उघडलं.

"मामा, वाट लावलीत तुम्ही आमची," धोंडू म्हणाला.

"ये, ये. सगळेच या. बसा. चाय घ्या. साखर तेवढी..."

"साखर मिळाली असती तर इथे आलो असतो का?"

मग गुळाचा चहा झाला. मालनचा बटणांचा डबा निघाला. ज्याने त्याने आपल्या पिशवीला खुणेचं बटण निवडायचं आणि धाकूंनी ते लावायचं असं ठरलं. सरूबाईला त्यात एक लाल बटण सापडलं. "हे माझ्या जयाच्या फ्रॉकचं. मालनकडे राहिलेलं," ती म्हणाली आणि भांडण तिथेच मिटलं. दिवेलागणीपर्यंत सगळे मालनबद्दल बोलत बसले. धाकूंना पाय पसरायला जागा उरली नाही. इतकं बरं त्यांना कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं.

आणि तिथेच त्यांची बुद्धी फिरली. बटणं लावली, पण दोऱ्याला गाठ मारली नाही. चार दिवसांनी बटण पडणार, माणूस पुन्हा येणार. फक्त स्वतःच्या पिशवीचं बटण तेवढं घट्ट लावलं.

मग त्यांनी बिस्किटं आणली, कप मांडले, गूळ किसून ठेवला. बिस्किटं मऊ पडली तरी कुणी आलं नाही.

शेवटी न राहवून ते रेशनच्या रांगेकडे गेले. बघतात तर एकूणएक बटण जागच्या जागी.

"मामा, तुमची बटणं घरी पोचेपर्यंतच गळाली," द्रौपदी हळूच म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. मी लावून देते सगळ्यांची. दुपारी सगळ्या माझ्याकडेच बसतात आता."

धाकू घरी आले. स्वतःच्या पिशवीचं बटण दातांनी तोडलं (त्यात दात हलला) आणि दुपारी द्रौपदीचं दार वाजवलं. आत सरूबाई होती, दोघीतिघी आणखी होत्या, मध्ये मटारच्या शेंगांचा ढीग होता. कशावरून तरी हसणं चाललं होतं.

"माझंही निघालं गे," धाकू म्हणाले.

"अगंबाई, तुमचंही? आधी सरूबाईंची उसवलेली पिशवी आहे, मग तुमची." द्रौपदीने सुईत दोरा ओवता ओवता वर बघितलं. "पण तुम्ही कशाला ताटकळता मामा? पिशवी ठेवून जा."

धाकूंनी पिशवी सरूबाईच्या पिशवीमागे ठेवली आणि ते निघाले. भटवाडीच्या कायद्याने ते संध्याकाळपर्यंत तिथे गप्पा मारत बसले होते. घरी जाऊन मऊ बिस्किटं मात्र त्यांना एकट्यालाच खावी लागली.