जगतापजींचं ‘कशापासून?’

जगतापजींना ‘सरळ’ हा शब्द नुसता चालत नाही. कुणी म्हणालं, “ही फ्रेम जरा सरळ करा,” की ते हातातला घास ताटात ठेवून विचारतात, “कशापासून?” छतापासून, फरशीपासून की भिंतीपासून? माझ्या मुलीच्या साखरपुड्याला ते नेहमीसारखे एकटेच आले होते. फोटोग्राफर बिचारा म्हणाला, “अंकल, थोडा सीधा.” जगतापजींनी अख्ख्या मंडपासमोर त्याला विचारलं, “किससे?” मग खांबाला ओळंबा लावून बघितला, तर मंडपच तिरका निघाला. फोटो राहिला बाजूला, मंडपवाला शिडी घेऊन आला. माझे व्याही अजून विचारतात, ते गृहस्थ कोण होते म्हणून.

आमचा कारखाना सांवेर रोडला. शेव-नमकीन पाकिटात भरायची मशीनं आम्ही बनवतो. मी ड्रॉइंग काढते आणि जगतापजी ते तपासतात. त्यांची सही झाल्याशिवाय कागद खाली वर्कशॉपमध्ये जात नाही.

आणि माणूस एका जागी टिकेल तर शपथ. बसले की उठतात, उठले की खिडकीपाशी जातात, अर्धा चहा तिथं ठेवून येतात आणि मग तोच चहा शोधत हिंडतात. मधेच मोबाइल काढून नंबर लावायचा, तिकडची घंटी कान देऊन ऐकायची आणि कुणी उचलायच्या आत कापून टाकायचा. दिवसातून कितीदा तरी. आमचा प्रॉडक्शनचा चौहान चिडवायचा, “भिया, मिस्ड कॉल का जमाना गया.” जगतापजी नुसतं “हं” करायचे. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसते. ती टुकटुक ऐकून माझं डोकं उठायचं.

दिवाळीच्या तोंडावर नव्या मशीनच्या शाफ्टचं काम निघालं. शाफ्ट म्हणजे फिरणारा लोखंडी दांडा. ह्याच्या दोन्ही टोकांना एकेक खाच होती. एका खाचेत बसलेलं चाक पाकिटाचं तोंड उघडणार, दुसऱ्या खाचेतलं चाक वरून शेव सोडणार. दोन्ही खाचा दांड्याच्या मधल्या रेषेपासून किती सरकलेल्या चालतील ते मी व्यवस्थित लिहिलं होतं. सोमवारी खाचा कापायला दांडा खालच्या मशीनवर चढवायचा होता. तो चुकला तर दिवाळीची ऑर्डर गेली, आणि नाव माझं खराब. शनिवारी संध्याकाळी जगतापजी कागद घेऊन माझ्यापुढे उभे.

“पहिली खाच कशापासून?”

“मधल्या रेषेपासून.”

“दुसरी?”

“तीही मधल्या रेषेपासून.”

“आणि दुसरी पहिलीपासून?”

“जगतापजी, चित्रात दोन्ही एका ओळीत दिसताहेत की.”

“चित्रात दिसतात, मॅडम. दोघी आपापल्या जागी शहाण्या. पण एक जरा फिरली, की पाकीट उघडायच्या आधी शेव खाली. मग आपण दोघं झाडू घेऊन उभे.”

“खामखा अडवू नका हो. सही करून टाका ना.”

त्यांनी एक घंटी वाजवली, कापली, आणि सही न करता घरी निघून गेले. मी रात्रभर मनात त्यांच्याशी भांडत होते.

रविवारी सकाळी कागदाची गुंडाळी घेऊन मी छत्रीबागेत त्यांच्या घरी थडकले. इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला कुणाला घरी बोलावलं नव्हतं. दार वहिनींनी उघडलं. “या, बसा. हे आंघोळीला गेलेत,” म्हणाल्या आणि भरभर आत गेल्या. घाम आला होता, म्हणून मी खुर्ची पंख्याखाली ओढली आणि बसणार, तेवढ्यात वहिनी पाण्याचा पेला घेऊन त्याच चालीनं बाहेर आल्या आणि सरळ खुर्चीवर आदळल्या. पेला घरंगळत पार दारापर्यंत गेला.

जगतापजी ओल्या अंगावर बनियन ओढत धावत आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फरशीवर रंगाचे चार ठिपके होते; खुर्ची उचलून तिचे पाय त्या ठिपक्यांवर ठेवले. मग वहिनींचा हात धरून स्वयंपाकघराच्या चौकटीवर टेकवला आणि हळूच म्हणाले, “इथून.”

तेव्हा कुठे मी वहिनींच्या डोळ्यांकडे नीट बघितलं.

“मला दिसत नाही,” वहिनी म्हणाल्या. “दोन वर्षं होतील. ह्यांनी ऑफिसात सांगितलं नसणारच. लोक हळहळले की ह्यांना सोसत नाही.”

जगतापजी खाली बसून पाणी पुसत होते. वहिनींना मात्र हसू येत होतं. “आधी ह्यांनी सगळं भिंतीपासून मोजून मांडलं. खुर्ची भिंतीपासून बरोबर, तिपाई भिंतीपासून बरोबर. मी दोघींच्या मधून निघाले आणि गुडघा फोडून घेतला. मग परत मांडलं. आता खुर्ची ह्या चौकटीपासून, आणि तिपाई खुर्चीपासून.”

“चूक माझी होती,” जगतापजी फरशीकडे बघत म्हणाले.

माझ्या हातातली गुंडाळी मला जड झाली. चौकटीवर एक खिळा होता आणि खिळ्याला कापडी पिशवीत मोबाइल टांगलेला होता. मी त्याकडे बघत राहिले, ते जगतापजींना कळलं असावं.

“मधल्या खोलीत हिच्या हाताला काही लागत नाही,” ते म्हणाले. “पूजा करून उठते आणि कधीकधी दिशाच चुकते. घंटी वाजली की चौकट कुठं आहे ते कळतं. हिच्या वेळा मला पाठ आहेत. पण तरी वाटत राहतं, की मधेच उभी असेल. दिवसभर वाटतं.”

“आणि मी मजेत भाजी निवडत असते,” वहिनी म्हणाल्या.

मी तिपाईवर कागद पसरला. पहिल्या खाचेला पेन्सिलीनं नाव दिलं आणि दुसरी खाच तिच्यापासून मोजायची, असं लिहिलं. जगतापजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सही केली. निघताना मी वहिनींचा नंबर मागून घेतला.

सोमवारी मालकांनी सगळ्यांना बोलावलं. मीटिंगला मोबाइल दाराबाहेरच्या टोपलीत टाकायचे, हा मालकांचा नियम. जगतापजी उभं राहून खाचा समजावत होते, पण नजर घड्याळावर. मधेच दाराकडे निघाले, तर मालक म्हणाले, “बैठिए जगतापजी, पहले खतम कीजिए.” ते बसले. टेबलाखाली पाय हलायला लागला. समोरचा चहा त्यांनी एकदा उचलला आणि तसाच ठेवला.

मी “जुना कागद आणते” म्हणून उठले. टोपलीतून माझा मोबाइल काढला आणि नंबर लावला. घंटी वाजत राहिली. जगतापजी हे रोज कसं ऐकतात, कोण जाणे. कापायचं मला सुचलंच नाही. शेवटी तिकडून फोन उचलला गेला.

“पोचले हो,” वहिनी म्हणाल्या. “आज एवढा वेळ का वाजवला?”

फोन ठेवून आत गेले आणि जगतापजींच्या शेजारी बसत हळूच म्हटलं, “पोचल्या.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीला पाठ टेकली आणि समोरचा गार झालेला चहा शेवटपर्यंत प्यायले.