असली तेलाचं चित्र

नीलिमाताईंनी भिंतीकडे तोंड केलं होतं ते काही केल्या वळवेनात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर म्हणत होते चाला, आणि बाई म्हणत होत्या, "उठून बघू काय? तो टॉवर?" घोडबंदरची खाडी दिसते म्हणून तर गिरगावातली खोली विकून पंढरीनाथांनी हा फ्लॅट घेतला होता. आता खाडीच्या आड सिमेंट उभं राहिलं होतं आणि घरात धूळ तेवढी येत होती.

समोर पाणी दिसल्याशिवाय ही उठायची नाही, हे पंढरीनाथांनी ओळखलं. मग पाणी आपणच काढायचं! शाळेत केळंसुद्धा धड न काढलेला हा माणूस नया नगरात रोशन सरांच्या पेंटिंग क्लासात जाऊन बसला. पण सर खाडी काढू देईनात.

"अंकल, पहले पुराने मास्टर की कॉपी. हाथ बैठेगा, फिर खाडी."

समोर आलं कुठल्याशा जुन्या युरोपियन चित्रकाराचं निसर्गचित्र. काळवंडलेलं आभाळ, नदी, एक झाड, एक गाय. खाडी नाही तर नदी, काय बिघडलं?

"आणि सर, घरी रंग घट्ट झाला तर?"

"थोडा अलसी का तेल डालो."

सर जवस म्हणाले असते तर पुढचं रामायण टळलं असतं. पण पंढरीनाथांनी ऐकलं, 'असली का तेल'. असली म्हणजे बिनभेसळीचं, एवढं हिंदी त्यांना येत होतं. गोडदेवच्या घाण्यावरून त्यांनी शुद्ध शेंगदाण्याचं तेल आणलं आणि हात आखडता घेतला नाही.

चित्र पलंगासमोरच्या खिळ्याला लागलं. नीलिमाताईंनी जेमतेम मान वळवली. "सुकू दे. मग बघते."

सुकेल तर शपथ! आठवडे गेले. आभाळावर टॉवरची धूळ बसली. शेजारच्या ममताबेन तब्येत विचारायला आल्या, भिंतीला टेकल्या आणि जाताना पाठीवर झाड घेऊन गेल्या. जिन्यातून "हाय हाय, मारो नवो ड्रेस!" ऐकू आलं तेव्हा कुठे कळलं.

मग मुंग्या आल्या. पंढरीनाथ भाजी घेऊन परतले, तर नीलिमाताई भिंतीला धरून चित्रासमोर उभ्या!

"अगं, तू उठलीस?"

"मग काय करू? तुमच्या गाईला मुंग्या लागल्यात. हाका मारून घसा बसला माझा." त्यांनी नदीला बोट लावून पाहिलं. "अजून ओलंच! तुम्हाला एक काम धड येईल तर."

त्या दिवसापासून बाईंनी चित्राचा ताबा घेतला. सकाळी गॅलरीत ऊन, दुपारी हॉलमधला पंखा, मध्येच बोट लावून बघणं. चेहरा तसाच सुतकी, पण पाय चालत होते. चित्र उचलून मागे मागे फिरताना पंढरीनाथांना मनातून इतकं बरं वाटे की ते मुद्दाम हळू चालत.

शेवटी बाईंनीच त्यांना चित्र घेऊन क्लासात पिटाळलं. रोशन सरांनी बोट लावलं, मग बोटाचा वास घेतला.

"अंकल, ये तो मूंगफली है! मैंने अलसी बोला था, असली नहीं. ये जिंदगी में नहीं सूखेगा. खुरच डालो, नया बनाओ. वो बराबर सूखेगा."

पंढरीनाथांनी चित्र झटकन आपल्याकडे ओढलं. ते घाईघाईने म्हणाले, "नको नको, सर. हेच असू दे."

घरी नीलिमाताई दारातच उभ्या होत्या, हातात वारा घालायचा पुठ्ठा.

"काय म्हणाले सर? सुकेल ना?"

"सुकेल म्हणाले. पण वेळ लागेल."

"किती?"

"बराच. जुन्या मास्टर लोकांची म्हणे यातच आयुष्यं गेली."

"मग उभे काय राहिलात?" नीलिमाताई वळल्यासुद्धा. "चला गॅलरीत. ऊन जाईल."