काटकोन गृहीत धरला

काकूंचं नवं टेबल काही केल्या कोपऱ्यात नीट बसेना. लांब बाजू मागच्या भिंतीला टेकवली, की आखूड बाजू शेजारच्या भिंतीपासून फटकून राहायची. आखूड बाजू टेकवली, की लांब बाजू रुसायची. शेवटी लांब बाजू टेकवून ठेवली, तेव्हा पुढच्या टोकाला तीन इंचांची फट उरली. चांगली मूठ जाईल एवढी.

"भिंत वाकडी आहे," सर म्हणाले.

सर एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवत होते. अख्खी इमारत त्यांना सर आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायची. काकू शिवणकाम करायच्या. आजवर पँटी आखूड करणं, चेन बदलणं, उशांचे अभ्रे शिवणं असली किरकोळ कामं त्यांच्याकडे यायची आणि कापड त्या फरशीवर पसरून, गुडघे टेकून कापायच्या. पण या खेपेला पलीकडच्या रस्त्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी नव्या दवाखान्यासाठी एकदम बारा पडदे सांगितले होते. आयुष्यातलं पहिलं मोठं काम. म्हणून टेबल. आणि टेबलाची योजना सरांची.

"पडद्याचं माप सात फूट बाय साडेतीन. टेबलही तेवढंच करायचं," सरांनी समजावलं होतं. "कापड पसरायचं, टेबलाच्या कडेनं कात्री चालवायची. मोजायची भानगडच नाही."

त्यांनी स्वतः कागदावर आकृती काढून सुतार मिस्त्रींना दिली होती. आकृती म्हणजे पाठ्यपुस्तकात शोभावी अशी. चार कोपऱ्यांना क, ख, ग, घ, समोरासमोरच्या बाजू समान असल्याच्या बारीक रेघा, आणि खाली मापं.

आता टेबलाकडे बघत काकू म्हणाल्या, "अहो, भिंत नाही, मला हे टेबलच तिरकं वाटतंय."

"वाटण्याला भूमितीत किंमत नसते." सरांनी टेप काढला. चारी बाजू मोजल्या. सात, साडेतीन, सात, साडेतीन. एका दोऱ्याचाही फरक नाही. "झालं समाधान?"

"कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजून बघा ना. मी चादरीचं तसंच बघते."

"कर्ण? अगं, आयताचे कर्ण समानच असतात. ते काय मोजायचे?"

वर्गात कोणा मुलानं हे वाक्य लिहिलं असतं, तर सरांनी त्याच्यावर लाल शाईनं आडवी रेघ ओढून 'जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं आहे' असा शेरा मारला असता. पण घरात शेरे मारायला कोणी नव्हतं. काकूंनी मान डोलावली. एकतीस वर्षं भूमिती शिकवणाऱ्या माणसाशी चौकोनावरून काय वाद घालायचा, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं.

चार दिवसांत बाराही पडदे झाले. काम इतकं सुरेख झालं, की काकू स्वतःवरच खूश होत्या. कापडाचा काठ टेबलाच्या लांब कडेला लावायचा, दोन्ही आखूड कडांनी कात्री फिरवायची, दुमडायचं, शिवायचं. मापात कुठे तसूभर चूक नाही. सगळं कापड बरोब्बर संपलं आणि दुकानदार म्हणाला होता की त्या रंगाचं आता येणार नाही, तेव्हा कापड बरोब्बर पुरलं याचंही काकूंना कौतुक वाटलं.

शनिवारी सकाळी दोघं दवाखान्यात पडदे लावायला गेले. सर शिडीवर, काकू खाली. पहिला पडदा दांडीवर चढला आणि किंचित डावीकडे गेला. काकूंनी तो सरळ केला. तो परत डावीकडे गेला. दुसराही डावीकडे. तिसऱ्यापर्यंत काकूंनी हातानं ओढून पाहिलं, चौथ्यापासून त्या नुसते पडदे वर देत राहिल्या. बारावा लागला तेव्हा त्या प्रशस्त खोलीतले सगळे पडदे एका दिशेला कलून उभे होते. कोणीतरी सगळ्यांना एकाच वेळी हलकेच ढकलावं तसे.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीही मान डावीकडे कलती केली.

"काकू, हे वाऱ्यानं झालंय का?"

"पंखा बंद आहे," काकू बारीक आवाजात म्हणाल्या.

"सोमवारी सकाळी दहाला पहिला पेशंट येणार. दाढ धरून बसलेल्या माणसाला वाटेल, आपल्याला चक्कर येतेय." डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत; पण त्यांनी जे म्हटलं ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. "राहू द्या काकू. तुमच्यावर फार घाई झाली. सोमवारपर्यंत नाही जमलं तर मी दुकानातून तयार पट्ट्यांचे पडदे आणून लावते."

घरी येताना काकू सरांच्या चार पावलं पुढे चालत होत्या. सरांनी आल्या आल्या मिस्त्रींना फोन केला आणि मिस्त्री दारात उभे राहताच विचारलं, "मिस्त्री, हे टेबल वाकडं कसं केलंत?"

मिस्त्रींनी शांतपणे पिशवीतून काटकोन तपासायचा गुण्या काढला आणि आधी भिंतींच्या कोपऱ्याला लावला. भिंती अगदी काटकोनात होत्या. मग टेबलाला लावला, तिथे फट दिसली. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"सर, ही तुमची आकृती. यात आहे तसं केलंय."

सरांनी कागद पाहिला. आकृतीतला चौकोन जरासा उजवीकडे झुकलेला होता. सर फळ्यावर कायम तसाच काढायचे. सरळ काढला तर मुलं नुसतं बघून काटकोन धरतात, म्हणून मुद्दाम झुकवायचा, ही त्यांची जुनी शिस्त. एकतीस वर्षांत हाताला तेच वळण पडलं होतं.

"अहो, पण ती कच्ची आकृती होती. टेबल आयताकृतीच असणार, हे कळत नाही का?"

"मी विचारलं होतं तुम्हाला," मिस्त्री म्हणाले. "म्हटलं, सर, हे जरा तिरकं दिसतंय. तुम्ही म्हणालात, दिसण्यावर जाऊ नका, दिलेल्या माहितीवर जा. मी माहिती वाचली. काटकोन कुठे दिलाच नव्हता. मग म्हटलं, सरांना तिरकंच हवं असेल, शिकलेली माणसं आहेत. कागदावर कोनमापक ठेवून कोन उतरवला. सोपं नव्हतं हो ते."

सरांनी कागद पुन्हा वाचला. दिलेल्या माहितीवरून ते टेबल निर्दोष होतं. सर खुर्चीत बसले. आपण आपल्या बायकोचं पहिलंवहिलं मोठं काम मातीत घातलं, आणि तेही आपल्या विषयात, हे त्यांना आता लख्ख दिसलं. त्यांना फार वाईट वाटलं.

मिस्त्री गेल्यावर काकू एक पडदा टेबलावर पसरून बघत बसल्या. "दोन्ही टोकं सरळ कापली तर तीन इंच आखूड होतो. खिडकी उघडी पडेल. कापड तर संपलं."

सर उठून जवळ आले. पडद्याच्या वरच्या टोकाला निघणाऱ्या त्या लांबट त्रिकोणाकडे त्यांनी पाहिलं आणि मग खालच्या टोकाकडे. दरवर्षी ते वर्गात पुठ्ठ्याचा समांतरभुज चौकोन कापून दाखवायचे. एका टोकाचा त्रिकोण कापायचा, दुसऱ्या टोकाला जोडायचा, आयत तयार. क्षेत्रफळ तेवढंच. पुठ्ठा सोडून दुसरं काही असं कापता येईल, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"अगं," ते चाचरत म्हणाले, "वरचा त्रिकोण कापून खाली लावला तर? तो तंतोतंत बसतो. सात फुटांचे सात फूट राहतात. हे मी सिद्ध करू शकतो."

"सिद्ध नका करू. कापून दाखवा." काकूंनी जुनं वर्तमानपत्र पुढे केलं.

सरांनी कापलं, सरकवलं. बसलं.

"आणि मधे तिरकी शिवण दिसेल तिचं काय?"

"भूमितीत शिवण नसते."

"माझ्याकडे असते," काकू म्हणाल्या, पण त्या आता डबा उघडून फिती शोधत होत्या. गडद निळी फीत शिवणीवर बसवली तर शिवण झाकते आणि मुद्दाम केल्यासारखी दिसते, हे त्यांना पहिल्याच पडद्यावर कळलं. कापड दोन्ही बाजूंनी सारखं होतं, म्हणून सहा पडद्यांच्या दांडीच्या पट्ट्या त्यांनी उसवून उलट्या बाजूनं शिवल्या, म्हणजे एका पडद्यावर फीत चढती आणि शेजारच्यावर उतरती दिसेल. रविवार संपेपर्यंत मशीन चालू होतं. सर फिती मोजून कापत होते आणि प्रत्येक फीत काकू परत मोजत होत्या.

सोमवारी काकू पडदे घेऊन एकट्याच गेल्या. "तुम्ही नका येऊ," एवढंच म्हणाल्या. त्या जाताच सरांनी मिस्त्रींना बोलावलं. काकू परत येईपर्यंत टेबलाच्या दोन्ही आखूड कडा कापून काटकोन झाले पाहिजेत, अशी त्यांची इच्छा होती. टेबल थोडं आखूड झालं, पण गुण्या कोपऱ्यात असा बसला, की मध्ये उजेडही दिसेना. सरांनी दोन्ही कर्ण मोजले. दोनदा मोजले.

तेवढ्यात काकू आल्या. चेहरा असा फुललेला, की सरांना आधी काही समजेचना.

"खिडक्यांखालून निळे डोंगर गेल्यासारखे दिसताहेत," त्या म्हणाल्या. "पहिला पेशंट दाढ विसरून बघत बसला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही कल्पना कोणाची? म्हटलं, आमच्या ह्यांची. वरच्या मजल्यासाठी अजून सोळा सांगितलेत. अगदी असेच." मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. "हे काय केलंत?"

सरांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी करवतीकडे.

"नव्वद अंश," सर पडेल आवाजात म्हणाले.

"वहिनी, परत तिरकं करायचं म्हटलं तर टेबल आणखी लहान होणार," मिस्त्री म्हणाले. "आणि जुना कागद मी फेकून दिला, किती तिरकं ते आता आठवत नाही. सर, एक आकृती काढून द्या."

सरांनी लगबगीनं खिशातून पेन काढलं. काकूंनी ते त्यांच्या हातातून घेतलं.

"टेबल सरळच राहू दे. वर फक्त कात्री चालवायला एक तिरकी खाच पाडून द्या." त्यांनी एका कोऱ्या कागदावर एक चौकोन काढला. रेघा वेड्यावाकड्या, कोपऱ्यांना अक्षरं नाहीत, समान बाजूंच्या खुणा नाहीत. त्यात एक आडवी रेघ मारली, तिच्या एका टोकाशी बाण काढला आणि लिहिलं: 'हे टोक तीन इंच सरकवा.'

मिस्त्रींनी कागद एकदाच पाहिला. "हां, आता कळलं," ते म्हणाले, आणि टेप उलगडून एक टोक टेबलाच्या पलीकडे धरलं.

दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. काकूंनी सरांकडे पाहिलं, आणि सरांनी मुकाट्यानं ते धरलं.