मुदत एका वर्षाची

कॉम्प्युटरवरची प्रत्येक सूचना भालेराव मोठ्यानं आणि शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचे. ‘धोका आहे, पुढे जाऊ नका’ असं आलं की आपण न वाचता पुढे जातो; भालेराव खुर्ची मागे सरकवायचे. “नक्को म्हणतंय ना ते? मग कायकू जायचं?”

आबिड्समधल्या आमच्या ऑफिसचं नेटवर्क त्यांच्याकडे होतं. मजल्यामजल्यावर छताला वाय-फायचे डबे, आणि त्या सगळ्यांना हुकूम सोडणारा एक मोठा डबा. हा मोठा डबा खरा आहे, याचं सर्टिफिकेट त्या डब्याच्याच सहीचं! त्याची मुदत भालेराव एकाच वर्षाची टाकायचे.

“दहा वर्षांची टाका की,” पुण्याहून आलेले आमचे फडकेसाहेब वैतागायचे.

“नक्को साहेब. सालातून एकदा बघितलेलं बरं.”

त्यांचं मराठी असं, ते राहायचे त्या नल्लकुंट्याच्या दख्खनीत मुरलेलं. फडके पाठीमागे त्याची नक्कल करायचे. निरोपाच्या भाषणात तर त्यांनी भालेरावांचं आडनावही चुकवलं.

भालेराव रिटायर झाले. सर्टिफिकेटचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मुदत संपली आणि एका सकाळी छतावरच्या डब्यांनी मोठ्या डब्याला ओळख दाखवायचंच सोडलं. अख्खं ऑफिस ठप्प. मग भालेरावांना फोन गेला.

इस्त्रीचा शर्ट घालून ते लगेच आले. गेटवर पाहुण्यांचा पास गळ्यात घातला. आधी मोठ्या डब्यातली तारीख-वेळ बरोबर आहे ना ते तपासलं, मग नवं सर्टिफिकेट बनवायला घेतलं. मुदतीपाशी हात थांबला.

“दहा वर्षं,” फडके मागून म्हणाले. “म्हणजे परत तुम्हाला त्रास नको.”

“त्रास कसला, साहेब...”

“दहा.”

भालेरावांनी दहा टाकली.

एकेक डबा सुरू झाला. फडके मीटिंगला निघून गेले. भालेराव मात्र प्रत्येक मजल्यावर गेले, टेबलाटेबलाशी विचारत, “चालतंय ना?” लोकांनी मान वर न करता ‘हो हो’ केलं.

मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. “काका, घरी कोण असतं?”

“टीव्ही असतो की!” ते हसले.

थोड्या वेळानं खिडकीतून पाहिलं. ते समोरच्या स्टॉपवर बसले होते. नल्लकुंट्याची बस आली, गेली. ते उठले नाहीत. तेवढ्यात माझा फोन वाजला.

“बेटा, अजून काही अडलं असलं तर सांग. मी इथंच आहे, खाली.”

काहीच अडलं नव्हतं.