लखमाच्या बैलानं ऐकलेली कादंबरी

“खोटं वाटंल, नीलाबाई. अख्ख्या वसमतात एक माणूस इस्वास ठेवायचा न्हाई. पण या पुस्तकापायी आगगाडी उशिरा पोचलीय!”

वाचनालयाचे ग्रंथपाल खाजा मिया निळ्या पुठ्ठ्याची जाडजूड कादंबरी पोटाशी धरून बोलत होते. मुलींच्या शाळेच्या मास्तरीण नीलाबाई पुस्तक न्यायला आल्या होत्या. दाराशी चिटणीस तातेराव पोतं उघडून बसले होते. वर्षभरात ज्या पुस्तकाला कोणी हात लावला नाही, ते आज रद्दीत. तसा कमिटीचा ठरावच होता. निळी कादंबरी तेवढी पोत्याबाहेर उरली होती.

खाजा मियांची शिफारस म्हणजे हकिमाची पुडी. झोप न येणारा अडत्या असो की सासूवर रुसलेली सून, लागू पडेल तेच पुस्तक ते काढून द्यायचे. नवं असलं, तर कडेला जोडून आलेली पानं आपल्या सुरीनं कापूनही द्यायचे. गाव त्यांच्या शब्दावर डोळे मिटून वाचायचं. पण त्यांचा जीव ज्या निळ्या कादंबरीत अडकलेला, नेमकं तिलाच गिऱ्हाईक नव्हतं.

“आगगाडी काहून उशिरा पोचली?” नीलाबाईंनी विचारलं.

“तांड्यावरचा लखमा हळदीची गाडी घेऊन हिंगोलीला निघाला, अन् त्याचा बैल बसला बराबर रुळावर! शेपटी पिरगाळली, ढेप दाखवली, न्हाई उठला. तिकडून आगगाडी येऊन राहिली. मी जवळच हे वाचत बसलो होतो. जरा मोठ्यानं वाचलं, तर बैलानं कान टवकारले. मग मी वाचत पुढं, बैल ऐकत मागं!”

“रूळ मोकळा झाला ना?” तातेराव पोत्याआडून बोलले. “मग उशीर कशाचा?”

“ड्रायव्हरनं ऐकलं ना! त्यानं इंजिन बैलाच्या चालीनं घेतलं. मी दम घ्यायला थांबलो की बैल थांबायचा, आगगाडी थांबायची, अन् डब्याडब्यातून ओरडा, ‘वाचा की, मिया!’ हिंगोलीचं ठेसन आलं तरी एक उतारू उतरंना. शेवटच्या पानाला तर बैल ढसाढसा रडला.”

“अन् हळद?” नीलाबाईंनी विचारलं.

“भिजली की! रडला म्हंलं ना.”

तातेरावांनी पोत्याचं तोंड ताणलं. “टाका आता, मिया.”

खाजा मियांची बोटं पुठ्ठ्यावर आणखी घट्ट झाली. तेवढ्यात नीलाबाईंनी हात पुढे केला. “शेवट काय हाय हिचा?”

“शेवट सांगितला तर तुमी वाचाल काहून?”

नीलाबाईंनी कादंबरी घेतली. पहिलं प्रकरण चाळलं, पुढचं पान उलटायला बोट घातलं, ते अडलं. त्यांनी पुस्तक उजेडाकडे धरलं. खाजा मिया एकाएकी टोपीनं टेबल पुसू लागले.

“साफ थाप, मिया! पैलं प्रकरण सोडलं तर सगळी पानं जोडलेलीच हाईत अजून! बैलानं शेवट ऐकला कुठून? द्या ती सुरी इकडं. अन् लखमाच्या बैलाला निरोप धाडा, पुढच्या बाजारी शेवट मी सांगते म्हणावं.”