डोळे मिटून प्रचार

नगरपालिकेची निवडणूक लागली आणि गंगाखेडच्या त्या छोट्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी नियम केला, आवारात राजकारण बोलायचं नाही. गेल्या विधानसभेच्या वेळी माणिकराव आणि त्यांची धाकटी बहीण केशरबाई इथेच भांडले होते, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आता केशरबाईच्या मुलीचं, राजेश्रीचं लग्न महिन्यावर आलेलं. मामा येणार का, हे विचारायलाही केशरबाईचं तोंड उघडत नव्हतं.

पहिल्या रविवारी दोघं मुकाट्याने बसले. मग प्रार्थनेची वेळ झाली, सगळ्यांनी डोळे मिटले आणि माणिकराव उठले.

"हे प्रभू, आमच्या वार्डातली तुंबलेली नाली तुला दिसायलीय. मागं निवडून येऊन तिच्याकडं न बघनाऱ्या भुजंगरावाला क्षमा कर. आन आता त्याला आराम दे."

भुजंगराव केशरबाईचे उमेदवार. पण चालू प्रार्थना तोडायची कशी? मंडळी "आमेन" म्हणाली. केशरबाई लगोलग उभी राहिली.

"हे बापा, दादाच्या त्या योगीराजाला सद्बुद्धी दे. चार पक्ष फिरून आलाय, लय दमलाय. त्याला घरी बसव."

"आमेन!"

पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला. नियमात प्रार्थनेचा उल्लेखच नव्हता. पुढच्या रविवारी पाण्याची टाकी, रस्त्याची खडी, बंद दिवे, सगळं देवाच्या कानावर गेलं आणि प्रार्थनेनंतरच्या प्रीतिभोजनाचा भात गार झाला. शेवटी पाळकसाहेब वैतागले.

"आता एकमेकांच्या उमेदवारासाठी प्रार्थना करा. चांगली! आणि मनापासून!"

माणिकराव उभे राहिले. "हे प्रभू, भुजंगराव..." पुढे काही सुचेना. लोक चुळबुळायला लागले.

मागून केशरबाईचा आवाज आला, "हे बापा, माझ्या दादाला शब्द दे."

वर्षभराने 'माझा दादा' ऐकून माणिकरावांनी डोळे उघडून मागे बहिणीकडे पाहिलं. "प्रभू, माझी बायको आजारी पडली तवा भुजंगरावानंच सोता जीप चालवत परभणीला नेलं. हे मी आजपोतर कुनाला सांगितलं न्हाई."

केशरबाईने डोळे पुसले. "बापा, योगीराज माझ्या दादाचा दोस्त हाय, म्हंजे बराच असंल."

निकाल लागला. दोघांचेही उमेदवार पडले. निवडून आल्या अपक्ष तानुबाई, ज्यांच्यासाठी कुणी प्रार्थनाच केली नव्हती.

त्या रविवारी भाऊ-बहीण चर्चच्या पायरीवर चहा घेत बसले होते आणि त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता.

"दादा, त्या तानुबाईला नाली कुठं हाय ते तरी ठावं हाय का?"

"तिला मत दिलं कोन्या येड्यानं?"

"असंल कोनी. तू हळदीला सकाळीच ये, मंग बोलू."

"मामाबिगर हळद लागती का? येतो की!"

नियमाची आठवण करून द्यायला आलेले पाळकसाहेब दारातच थबकले. मत त्यांनी तानुबाईंनाच दिलं होतं. पायरीवरच्या दोघांकडे त्यांनी क्षणभर पाहिलं, मग ते आत जाऊन डोळे मिटून बसले.