अस्वलरावांची बासुंदी

मुलांनो, मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. एका जंगलात फार सभ्य प्राणी राहत होते. इतके सभ्य, की यजमानाच्या जेवणाला नावं ठेवण्यापेक्षा त्यांना मेलेलं परवडे.

एकदा अस्वलरावांच्या नातवाचं बारसं होतं. सकाळीच कढईभर बासुंदी आटवून झाली. पानं मात्र दुपार उलटली तरी कुणी वाढेना. का? तर सिंहमहाराज यायचे होते. महाराज आल्याशिवाय पंगत बसवायची नाही, असा तिथला रिवाज. दिवस वैशाखाचे आणि कढई मांडवाबाहेर. महाराज आले तेव्हा उन्हं कलली होती. मग त्यांचं भाषण झालं. विषय होता 'आपलं आरोग्य'.

बासुंदी आंबूस लागत होती. पहिल्या घोटालाच सगळ्यांना कळलं. बोललं कुणीच नाही.

"कशी झालीय, बुवा?" अस्वलरावांनी वैद्य कासवबुवांना विचारलं.

"वेगळीच चव आहे हो!"

"मग घ्या की अजून. माझी शपथ आहे."

शपथ घातल्यावर नाही कसं म्हणायचं? बुवांनी आणखी दोन वाट्या घेतल्या. साळूबाई साळिंदरीने आपली वाटी हळूच बाजूला सारली होती. पण अस्वलराव मोठे प्रेमळ. "निदान बाळाला तरी!" म्हणत त्यांनी तिच्या बारकूला स्वतःच्या हाताने भरवली.

संध्याकाळी जंगलात एकही झुडूप रिकामं मिळेना.

"हवा बदललीय," कुणी म्हणालं. "दृष्ट लागलीय," दुसरं म्हणालं. मग घरोघरी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून जाळल्या. त्यामुळे सगळे आता खोकूही लागले.

छोट्या बारकूचे हाल सर्वांत जास्त. उलट्या थांबेनात, जुलाब थांबेनात. तरसकाकूंनी सल्ला दिला, "पाणी अजिबात देऊ नकोस गं. वरून घातलं की खालून जातं." साळूबाईने बिचारीने ऐकलं. बारकू आणखी मलूल झाला. जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना. पंगतीपासून शूसुद्धा नाही. त्याला उचलून साळूबाई बुवांकडे धावली.

बुवा स्वतःच पोट धरून पडले होते. शेजारी अस्वलराव विचारपूस करत उभे होते.

"काय खाल्लं होतं याने?" बुवांनी डोळे न उघडता विचारलं.

"हवाच वाईट आहे हो," अस्वलराव घाईघाईने म्हणाले.

जमलेले सगळे जमिनीकडे बघू लागले. खरं बोललं तर पुन्हा कुणी जेवायला बोलावणार नाही, हे साळूबाईला पक्कं ठाऊक होतं. तिने बारकूकडे पाहिलं.

"बासुंदी," ती म्हणाली. "आंबलेली होती. तुम्हीही खाल्लीत, बुवा."

बुवा ताडकन उठून बसले. हे कुणीतरी बोलावं म्हणून ते संध्याकाळपासून वाट बघत होते.

"मग पाणी तोडलंस कशाला, बाई? पाणी गेलं म्हणूनच तर तो वाळतोय! लिटरभर उकळून गार केलेलं पाणी घे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चमचा पाजत राहा. उलटी झाली तर थोडं थांब आणि पुन्हा पाज. शौचात रक्त दिसलं, गुंगी आली किंवा पाणी पाजूनही शू झाली नाही, तर माझ्या भरवशावर राहू नकोस. थेट नदीपलीकडच्या दवाखान्यात ने."

साळूबाई पाणी ढवळायला बसली. अस्वलरावांनी काट्यांची पर्वा न करता बारकूला मांडीवर घेतलं. माणूस, म्हणजे अस्वल, वाईट नव्हतं. चमच्यामागून चमचा गेला. बऱ्याच वेळाने अस्वलराव ओरडले, "झाली! माझ्या नव्या धोतरावर झाली!"

सगळ्या झुडपांतून टाळ्या वाजल्या. साळूबाई ढसाढसा रडली. खरं सांगतो, मलासुद्धा फार बरं वाटलं.

पोटं थाऱ्यावर आल्यावर जंगलाची सभा भरली. यजमानाची चारचौघांत शोभा केल्याबद्दल साळूबाईला यापुढे कुठल्याही पंगतीला बोलवायचं नाही, असं ठरलं. बुवांनी ठरावाला अनुमोदन दिलं. मग अस्वलरावांचं मन राखायला दुसरी पंगत झाली. या खेपेला श्रीखंड होतं. सिंहमहाराजांना उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी साळूबाईच्या दारात मीठ-साखरेच्या पाण्यासाठी रांग लागली. सगळ्यांत पुढे कासवबुवा होते.

"हवा बदललीय," ते म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, चारचौघांत नेहमी खरं बोलावं. लोक जेवायला बोलवायचं बंद करतात आणि पोट शाबूत राहतं.